मॅग्नेटिक आयलंडवर बाबांनी मला पाण्यात उतरवलं

लग्नाला दहा वर्षं झाली की कॅरिबियनला जायचं, असं आमचं ठरलेलं होतं. बार्बाडोस आणि सेंट लुशिया, नऊ दिवस. माझ्या नवऱ्याने, समीरने, कुठल्या दिवशी कोणी काय करायचं याची एक्सेल शीट केली होती. त्यात तो आणि आमची आठ वर्षांची इरा यांच्या नावापुढे स्नॉर्केलिंग, कयाकिंग, झिपलाइन असं काय काय होतं. माझ्या नावापुढे बहुतेक ठिकाणी 'बीच चेअर' होतं, कारण मला पोहता येत नाही.

मग कोव्हिड आला. ऑस्ट्रेलियाने दारं लावून घेतली, बाहेरचा माणूस आत येईना आणि आतल्याला परवानगीशिवाय बाहेर जाता येईना. ते वर्ष आम्ही मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातल्या आमच्या घरात काढलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये मेलबर्न जरा मोकळं झालं, तेव्हा समीर म्हणाला, "देशाबाहेर जाता येत नाही ना? मग देशातलंच बेट शोधू. गरम हवा, निळं पाणी, नारळाची झाडं. अजून काय हवं?"

त्याने शोधलं ते मॅग्नेटिक आयलंड. क्वीन्सलंडमध्ये टाउन्सव्हिल शहरासमोर, फेरीने वीस-पंचवीस मिनिटांवर. मे महिना ठरला. तिकडे तेव्हा पाऊस संपलेला असतो आणि उकाडाही आटोक्यात असतो.

या सहलीत चौथा माणूस होते माझे बाबा. वय एकाहत्तर. पिंपरीच्या एका कारखान्यात टूल रूममध्ये पस्तीस वर्षं काढली, आता घर चिंचवडला. २०२० च्या जानेवारीत आई-बाबा दोघं आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं म्हणून आई मार्चच्या सुरुवातीलाच परत गेली. बाबा तीन आठवड्यांनी जाणार होते. त्या तीन आठवड्यांचे आता चौदा महिने झाले होते. आधी विमानंच नव्हती. नंतर अधूनमधून स्पेशल फ्लाइट्स निघायला लागल्या, तेव्हा मी जाऊ दिलं नाही. त्यांची अँजिओप्लास्टी झालेली, शुगर आहे. आणि या एप्रिलमध्ये पुण्याहून रोज जे ऐकू येत होतं, त्यानंतर तर विषयच संपला. आई रोज व्हिडिओ कॉलवर सांगायची, "तुम्ही येऊ नका हं. मी मजेत आहे." बाबा "बरं" म्हणायचे आणि फोन माझ्या हातात द्यायचे.

मेलबर्नहून टाउन्सव्हिलला थेट विमान आहे, तीन तासांचं. मास्क लावून बसलो आणि उतरलो तर दमट, उबदार हवा थेट अंगावर आली. मेलबर्नच्या गारठ्यातून आलेली इरा टर्मिनलबाहेरच स्वेटर काढून म्हणाली, "इट स्मेल्स लाइक इंडिया." फेरीचं चौघांचं जाऊन-येऊन तिकीट साधारण सव्वाशे डॉलरला पडलं. बेटावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बस आहे, पण आम्ही बिनछपराची एक छोटी गाडी भाड्याने घेतली. एक सूचना: भाजीपाला, दूध धक्क्याजवळच्या 'नेली बे' या गावातच घेऊन ठेवा. आम्ही उतरलो होतो पलीकडच्या अंगाला, 'हॉर्सशू बे' नावाच्या किनाऱ्यावर, आणि तिथे दुकान म्हणजे नावापुरतं.

फेरीतून बेट जवळ येताना बघण्यासारखं होतं. घराएवढे गोल गुळगुळीत ग्रॅनाइटचे दगड एकमेकांवर रचून ठेवल्यासारखे, आणि त्यांच्या फटींतून सरळ वर गेलेली पाइनची झाडं. एका जुन्या दर्यावर्दी कॅप्टनला इथून जाताना होकायंत्र चुकतंय असं वाटलं, म्हणून हे नाव. हे ऐकल्याबरोबर बाबांनी फोनमधलं होकायंत्र उघडलं, फेरीच्या एका कडेहून दुसऱ्या कडेला गेले, परत आले आणि म्हणाले, "काही फरक नाही. त्याच्या बोटीतलंच लोखंड असेल." किती महिन्यांनी ते आपणहून काही बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोर्ट्स वॉक केला. जाऊन-येऊन चार किलोमीटर, चढ सोपा, पण पाणी भरपूर न्या. दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या चौक्या आणि तोफांचे ओटे वर आहेत, आणि वाटेत कोआला. पहिला इराला दिसला, निलगिरीच्या बेचक्यात बसल्या बसल्या झोपलेला, खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांचं काही सोयरसुतक नसलेला. आम्ही पाच मोजले. एक मादी तर पिल्लू पाठीवर घेऊन आमच्या डोक्याच्या जेमतेम हातभर वर होती. सगळेजण आपोआप कुजबुजत्या आवाजात बोलत होते.

तिथेच एक पिकल्या दाढीचे गृहस्थ बाबांशेजारी उभे होते. त्यांनी सहज विचारलं, "ऑन हॉलिडे, मेट?"

"येस."

"हाऊ लाँग?"

"फोर्टीन मंथ्स," बाबा म्हणाले.

ते गृहस्थ मनापासून हसले. "गुड ऑन यू!" बाबाही हसले. मग आमच्या पुढे एकटेच वर चढत गेले.

वर तोफेच्या ओट्यावरून चारी बाजूंना समुद्र दिसतो. खाली एकामागून एक लहान लहान बे, कडेला हिरवट आणि आत जाताना गडद होत जाणारं पाणी. समीर आणि इरा फोटो काढत होते. बाबा माझ्याजवळ येऊन बसले.

"मंजू, मला आता जायचंय."

"दमलात? उतरू या का?"

"घरी. चिंचवडला."

मी नेहमीचं सगळं सांगितलं. तिकडची हॉस्पिटलं, त्यांचं हृदय, लसीचा एकच डोस झालेला, वाटेत विमानतळांवरची गर्दी. "आणि आई स्वतःच म्हणते ना, येऊ नका म्हणून?"

"ती म्हणतेच."

"मग?"

"मग काय. तू विचारलंस म्हणून सांगितलं." मी काही विचारलं नव्हतं. ते उठले आणि इराला पाण्याची बाटली द्यायला गेले. उतरताना मी त्यांच्या मागे दोन पावलं चालत होते, ते घसरले तर धरता यावं म्हणून. ते घसरले नाहीत. मीच दोनदा घसरले.

त्या दुपारी समीर आणि इराने हॉर्सशू बेला कयाक घेतली. तासाभराचं भाडं जास्त वाटलं, पण इरा परत आली ती पाण्याखालून कासव गेलं असं ओरडतच. दिवस कलताना जेफ्री बेला गेलो. तिथल्या दगडांतून कांगारूच्या जातीचे पिटुकले रॉक वॉलबी बाहेर येतात, दोन पायांवर उभे राहून तुमच्याकडे बघतात. लोक त्यांना ब्रेड देतात, तुम्ही देऊ नका, त्यांना तो बाधतो.

तिसरा दिवस फ्लोरेन्स बेचा. बेटावर एकच जागा बघायला मिळणार असेल तर ही बघा. तिकडचा रस्ता अरुंद आणि खडबडीत आहे, आणि भाड्याच्या गाड्या तिथे नेऊ देत नाहीत. गाडी मुख्य रस्त्यावर ठेवून अर्धा-पाऊण तास चाललो. आदल्या दिवशी पाण्याखाली बघायचे मास्क, पायांत घालायच्या फिन्स, तरंगायला एक लांब फोमचा नूडल आणि लायक्राचे अंगभर सूट भाड्याने घेतले होते. मे अखेरपर्यंत पाण्यात विषारी जेलीफिश असू शकतात, त्यामुळे सुटाला पर्याय नाही. डोक्यापासून घोट्यापर्यंत काळ्या सुटातले बाबा पाहून इरा म्हणाली, "आजोबा, यू लुक लाइक अ निन्जा."

झाडीतून बाहेर आलो आणि पुढे नुसती पांढरी वाळू, दोन्ही टोकांना दगडांचे ढीग, आणि मध्ये काचेसारखं स्वच्छ पाणी. सगळे मिळून दहा माणसंही नव्हती. बाबा पाण्यात शिरले, छातीपर्यंत गेले आणि एकदम आडवे झाले. त्यांचं लहानपण कऱ्हाडला, कृष्णेत पोहण्यात गेलेलं. एकाहत्तर वर्षांचा तो माणूस पाण्याचा जरासुद्धा आवाज न करता, लांब लांब हात टाकत निघाला तो थेट दगडांच्या टोकापर्यंत गेला आणि तसाच परत आला. समीर माझ्याकडे बघून म्हणाला, "हे आपल्याला माहीतच नव्हतं."

मला माहीत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत कऱ्हाडला गेलो की बाबा गल्लीतल्या पोरांच्या पाठीला डबा बांधून त्यांना पोहायला शिकवायचे. मी घाटावर बसून सगळ्यांचे कपडे सांभाळायचे. इथेही मी तेच करत होते, चार टॉवेल आणि तीन फोन घेऊन.

बाबा बाहेर आले. "चल."

"मी बसते. सामान आहे."

"इथे कोण नेणारे सामान?" ते माझ्यासमोर उकिडवे बसले. म्हणाले, "कऱ्हाडला तुला मी कधी पाण्यात घेतलं नाही. सगळी पोरंच असायची. तुझी आजी नको म्हणाली, मग मीही सोडून दिलं. चूक झाली ती माझी."

मी टॉवेल बाजूला ठेवले आणि सूट चढवला.

पहिल्यांदा मी अक्षरशः त्यांना बुडवायला निघाले. पाय उचलले, नाकातोंडात खारट पाणी गेलं आणि मी त्यांच्या गळ्याला मिठी मारली. ते हलले नाहीत. "पाय खाली टाक. टेकले का?" टेकले. पाणी छातीएवढंच होतं. "आता परत." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी मला उताणं केलं, एक हात मानेखाली, एक पाठीखाली. "मान सोड. तू मान ताठ धरतेस म्हणून कंबर बुडते. कान बुडू दे पाण्यात. बुडू दे गं."

कान पाण्याखाली गेले आणि जगाचा आवाज बंद झाला. त्याऐवजी गरम तेलात मोहरी तडतडावी तसा बारीक, अखंड आवाज यायला लागला. नंतर कळलं, प्रवाळातले इवले झिंगे तसा आवाज करतात. मी तो ऐकत राहिले. वर आभाळ, बाजूला दगड. बाबांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हळूच बाजूला सरकला, तेव्हा लक्षात आलं की पाठीखाली हात नाही. मी घाबरून उभी राहिले. ते दोन हात लांब उभे होते आणि हसत होते.

तासाभराने नूडल छातीखाली घेऊन, तोंडावर मास्क लावून, एका बाजूला बाबा आणि एका बाजूला समीर, अशी मी दगडांच्या कडेने गेले. इथलं प्रवाळ जाहिरातीतल्यासारखं रंगीबेरंगी नाही, बरंचसं तपकिरी आहे आणि पाच-सहा मीटरपलीकडे धूसर दिसतं. तरी मी सांगते, जा. निळ्या टोकांच्या फांद्या, त्यांत हिरवे-गुलाबी पॅरटफिश कुरतडत असलेले, आणि जांभळ्या ओठांचा एक थोरला शिंपला, आमची सावली पडताच हळूच मिटलेला. मला तो बाबांना दाखवायचा होता. वळून बघते तर ते आधीच बोट दाखवत होते.

परतीच्या चढावर मी त्यांच्या मागे नव्हते, बरोबरीने चालत होते. चौदा महिने मी त्यांच्या गोळ्यांचा डबा भरला होता, त्यांचं चालणं, खाणं, झोपणं यांवर लक्ष ठेवलं होतं. ते सगळं गरजेचं होतं. पण त्यांना काय जमेल आणि काय नाही, हे मी त्यांना न विचारता ठरवत आले होते. त्या दिवशी पाण्यात बघितलेला माणूस माझ्या परवानगीची वाट बघत बसणारा नव्हता. तरी तो थांबला होता, माझ्यासाठी.

चौथ्या दिवशी बाहेरच्या मोठ्या प्रवाळाच्या रीफवर बोटीने जायचं होतं. सकाळी पोहे खाताना समीरने फोन पुढे केला. मेलबर्नमध्ये पुन्हा केसेस निघाल्या होत्या. क्वीन्सलंड मेलबर्नकरांसाठी दार कधी लावेल सांगता येत नव्हतं, आणि मेलबर्नमध्ये लॉकडाऊन लागणार हे दिसतच होतं. रीफची बोट रद्द केली, संध्याकाळचं विमान मिळालं. इरा रडली. बाबांनी तिला शेवटचा तासभर हॉर्सशू बेला, जेलीफिश येऊ नयेत म्हणून जाळी लावलेल्या पाण्यात नेलं.

फेरीच्या रांगेत उभी असताना मी फोन काढला आणि पुण्याचं तिकीट शोधायला लागले. दोहामार्गे मुंबई, पुढे गाडी. बाबांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर करून तारीख वाचली, दोनदा.

"आईला आत्ताच सांगू नको," ते म्हणाले. "पोचायच्या आदल्या दिवशी सांगू. नाहीतर नको म्हणेल."

घरी आलो आणि दोन दिवसांत लॉकडाऊन लागला. बाबांचं विमान त्यातच निघालं. विमानतळ इतका रिकामा होता की ट्रॉलीच्या चाकांचा आवाज घुमत होता. आत शिरताना त्यांनी मास्क खाली करून मला एवढंच सांगितलं, "स्विमिंग पूल उघडले की क्लासला नाव घाल. आता सोडू नको."

पूल उघडले, बंद झाले, परत उघडले. मी नाव घातलं. बेटावरून आमच्याकडे काय राहिलं, असं कोणी विचारलं तर मी हेच सांगते, आठवड्यातला एक तास मी पाण्यात असते. समीर कॅरिबियनबद्दल बोलतो अधूनमधून. जाऊही कधीतरी. पण कोणी मला नारळ आणि निळं पाणी कुठे बघायला जाऊ म्हणून विचारलं, तर मी मॅग्नेटिक आयलंड सांगते. निदान पाच दिवस ठेवा, आणि फ्लोरेन्स बेला पूर्ण दिवस द्या.

बाबा पोचल्यावर सात दिवस चिंचवडच्या घरात वेगळ्या खोलीत होते. तिसऱ्या दिवशी मी व्हिडिओ कॉल केला, तर आई पॅसेजमध्ये, त्यांच्या बंद दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती.

"इथेच बसतेस दिवसभर?"

"मग कुठे बसू?" ती म्हणाली. मग आवाज बारीक करून म्हणाली, "मी रोज सांगायचे ना, येऊ नका म्हणून? फोन ठेवला की दाराची कडी तीन-तीनदा बघायचे आणि नुसती बसून राहायचे. तुला कशाला सांगायचं, तू तिकडे एवढी लांब."

तेवढ्यात आतून बाबांचा आवाज आला, "चहा झाला का गं?"

"आले," आई म्हणाली आणि फोन खुर्चीवर उताणा ठेवून गेली. मला छताचा पंखा तेवढा दिसत होता. कप ठेवल्याचा आवाज आला, मग दाराच्या आतून एक आणि बाहेरून एक, साखर घातली की नाही यावरून दोघांचं सुरू झालं. मी फोन बंद केला नाही. ऐकत बसले.