तिसरं बोलावणं

वर्ना ओस्टबीला नियम पाठ होते असं म्हणणं म्हणजे माशाला पोहता येतं असं म्हणण्यासारखं आहे. मायनॉटच्या आमच्या बालनिवाऱ्यात ती सव्वीस वर्षं देखरेखीला आहे आणि मी एकोणीस वर्षं स्वयंपाकाला. ज्या मुलांना आज घरी ठेवणं धोक्याचं, पण उद्या कुठं ठेवायचं हे कुणालाच ठाऊक नाही, अशी मुलं आमच्याकडे येतात. जास्तीत जास्त बारा मुलं, जास्तीत जास्त तीस दिवस. एकतिसाव्या दिवशी इथं मूल सापडलं तर परवाना जातो. वर्नाकडं बघून वाटतं, परवान्याबरोबर अख्खं नॉर्थ डकोटाही नकाशावरून जाईल.

नियम लाल फाईलमध्ये आहेत. मूल दारात आलं की तासाभरात त्याच्यापुढं खायला ठेवायचं. ‘काय झालं?’ असं आल्या आल्या विचारायचं नाही. सोबतच्या प्रत्येक वस्तूची यादी करायची. मोजा एकच असला तर ‘मोजा, एक’ असं लिहायचं. सहा मुलांमागं एक कर्मचारी हजर हवा, आणि त्यात स्वयंपाकी धरायचा नाही. हे शेवटचं वाक्य ती मला वर्षातून दोनदा मोठ्यानं वाचून दाखवते.

“म्हणजे मी माणसांत नाही?”

“माणसांत आहेस, आर्लो. मोजणीत नाहीस.”

एकदा आगीच्या कवायतीत मी ओव्हनमधलं बटाट्याच्या हॉटडिशचं गरम पातेलं घेऊन बाहेर आलो, तर तिनं सगळी कवायत पुन्हा घेतली. “वस्तू घेऊन बाहेर पडायचं नाही!” मी म्हटलं, “ही वस्तू नाही, जेवण आहे.” दुसऱ्या फेरीत जेवण आत राहिलं आणि करपलं. ते आम्ही नियमानुसार खाल्लं.

पण एक नियम वर्नाच्या घशात अडकायचा. मूल गेलं की त्याची फाईल बंद. त्यानंतर कर्मचाऱ्यानं स्वतःहून फोन करायचा नाही, पत्र लिहायचं नाही, भेटायला जायचं नाही. घरच्यांनी आपणहून बोलावलं तरच जायचं. नियम चांगला आहे, हे तीच नव्या लोकांना समजावून सांगायची. मूल कुठंतरी रुळू पाहत असताना त्याच्या वाईट दिवसांची आठवण कोट घालून दारात उभी राहायला नको. पण आपल्या घरातल्या सगळ्यांत वाईट महिन्याच्या साक्षीदाराला जेवायला कोण बोलावणार? सव्वीस वर्षांत एकानंही बोलावलं नव्हतं.

मग वर्ना दुकानात, मोठी झालेली आमची मुलं ओळखायला, माणसांचे कान बघायची. चेहरे बदलतात, कान बदलत नाहीत, असा तिचा सिद्धांत. एकदा एका दाढीवाल्या बाप्याचे कान तिला ओळखीचे वाटले, म्हणून त्याच्यामागं रांगेत उभं राहता यावं यासाठी तिनं वाटाण्याचे सहा डबे घेतले. बोलली नाही. त्याच्या कडेवर एक बाळ होतं, नीट टोपीबिपी घातलेलं, एवढं मात्र तिनं मला आठवडाभर सांगितलं. वाटाणे तिला आवडत नाहीत. ते मी संपवले.

जानेवारीत डेल्फीन आली. नऊ वर्षांची, टर्टल माउंटनच्या मूलनिवासी वस्तीकडची. कुणी बघत असलं की ती घास उचलायची नाही. दोन दिवस तसेच गेले. तिसऱ्या दिवशी वर्ना तिच्याकडं पाठ करून बसली आणि आपलं सूप खाऊ लागली. मागं चमचा वाजला. आता, जेवताना मुलावर नजर हवी, असाही नियम आहे. म्हणून वर्नानं माझा चकचकीत टोस्टर समोर ठेवून घेतला आणि त्यात बघत राहिली. त्या दोघी पुढं रोज पाठीला पाठ लावून जेवल्या. मला तीन आठवडे टोस्ट मिळाला नाही.

सत्ताविसाव्या दिवशी कळलं की डेल्फीनच्या आजीचं घर मंजूर झालंय.

“मिस वर्ना, तू मला फोन करशील?” पोरीनं पाठीमागून विचारलं.

“नाही. मला करता येत नाही.”

“विसरशील म्हणून?”

“नियम आहे म्हणून.”

“मूर्ख नियम आहे.”

“मूर्ख नाही,” वर्ना टोस्टरला म्हणाली. “मला आवडत नाही, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी आली, ओडील लाव्हर्ड्यूर. लहानखुरी बाई, अंगात पुरुषी जाकीट; बाहेर उणे पंचवीस, त्यामुळे गाडी चालूच ठेवलेली. निवाऱ्यात त्या वेळी डेल्फीनखेरीज पाच मुलं, वर्ना, आणि मोजणीत नसलेला मी. दुसरी कर्मचारी उरलेल्यांना दातांच्या डॉक्टरकडं घेऊन गेली होती. कागद झाले, ओळखपत्र झालं, यादी वाचून झाली. “टोपी, एक. मोजे, जोड्या चार. दात, एक, पाकिटात.”

सही करून ओडीलबाई म्हणाल्या, “रविवारी आमच्याकडं जेवायला या. पोर फोनवर तुमच्याशिवाय दुसरं बोलत नाही.”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा!

आता आमची जात सांगायला हवी. आम्ही नॉर्वेहून आलेल्यांची नातवंडं. आम्हाला कुणी काही देऊ केलं की आम्ही दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. तहानेनं जीव चालला असला तरी पाण्याला दोनदा नको. माझा काका गोठलेल्या तळ्यात बर्फ फुटून पडला, तेव्हा लोकांनी हात पुढं केला, तर म्हणाला, “राहू द्या, तुम्हाला उगाच त्रास.” काका वाचला, कारण काढणारेही आमचेच होते.

“छे छे,” वर्ना म्हणाली. आनंदानं कानापर्यंत लाल झाली होती. “तुम्हाला कशाला त्रास!”

“त्रास कसला? सूप असतं, घरची बॅनक रोटी असते. एक ताट जास्त.”

“नको, खरंच. तुम्हाला आधीच पुष्कळ व्याप आहेत.”

झाले दोन. मी मनात रविवारचं तिचं काम वाटूनही टाकलं.

पण ओडीलबाई आमच्यातल्या नव्हत्या. त्यांच्याकडं माणूस दोनदा नको म्हणाला की त्याला नको असतं. त्याला आणखी छळणं वाईट. त्यांनी मान हलवली. “बरं. समजलं.” आणि पिशवी उचलली.

डेल्फीननं वर्नाकडं पाहिलं. ही बाई आपल्याशी कधी खोटं बोलत नाही, एवढं पोरीला महिन्याभरात पक्कं कळलं होतं. तिनं कडेनं मिठी मारली, नियमानं कडेनंच मारायची असते, आणि आजीचा हात धरून गेली. दार बंद झालं.

वर्नाचं तोंड उघडं होतं. “आर्लो, तिसऱ्यांदा विचारलंच नाही.”

“अगं मग धाव ना!”

तिनं कडी धरली. मग मागं वळून पाहिलं. पाच मुलं फरशीवर ठोकळे रचत होती. पाच मुलांना एक कर्मचारी.

“मी बघतो यांना. जा!”

“तू मोजणीत नाहीस,” ती म्हणाली. इतक्या हळू तिनं तो नियम कधीच सांगितला नव्हता. कडी तिच्या हातातच राहिली. काचेतून गाडी मागं आली, वळली, गेली.

दुसऱ्या दिवशी आम्ही लाल फाईल पहिल्या पानापासून वाचली. बोलावणं त्यांचं, मग आपण नंतर ‘हो’ कळवलं तर तो स्वतःहून केलेला संपर्क होतो का? फाईल गप्प. वर्नानं बिस्मार्कला, परवाना देणाऱ्या कचेरीला पत्र टाकलं. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: नाकारलेलं बोलावणं संपलेलं धरावं, कुटुंबानं पुन्हा बोलावल्यास हरकत नाही.

“पुन्हा बोलावल्यास,” ती म्हणाली.

“म्हणजे तिसऱ्यांदा.”

“हो.”

तेव्हापासून मी तिचा सराव घेतो. रोज तीन वाजता ॲपल पायचा तुकडा पुढं करतो.

“घेणार?”

“नको... म्हणजे...”

“वर्ना!”

“हो. घेते.” आणि एखाद्याचं हिसकावून घेतल्यासारखी ओशाळी होते.

आता एप्रिल संपत आला. पहिल्या झटक्यात हो म्हणणं तिला बरंच जमायला लागलंय. जरा जास्तच. परवा निवाऱ्यातला फोन वाजला, तर तिनं तो दुसऱ्या घंटीला उचलला आणि पलीकडचं माणूस बोलायच्या आत म्हणाली, “हो. येते.”

नळवाला होता. गुरुवारी येऊ का, विचारत होता.