काचेतला तंतू

दुर्बीण विकताना मास्तर म्हणाले होते, "शेठ, घेताय खरी, पण तुम्हाला यातून काय दिसणार?" ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही. पाठीवर चादरींचे गठ्ठे वाहून मी सोलापुरात दुकान उभं केलं. शाळा चौथीत सुटली, पण खराब माल कुणी माझ्या गळ्यात मारला नव्हता. मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. घासाघीस करून मी त्यांना घाम फोडला होता, त्याचाच तो राग असणार.

चैत्रात जेवणं उरकून घराच्या माळवदावर दुर्बीण लावली. बारीक चांदण्यांच्या एका पुंजक्याजवळ फिकट, सरळ, सुताएवढी रेघ दिसली. गिरण्यांच्या गावात तंतू कुठेही शिरतो. भिंग धोतराच्या सोग्याने पुसलं. रेघ तशीच. तीन संध्याकाळी पुसलं. नळी दुसरीकडे वळवून पाहावी, एवढंही रागात सुचलं नाही. मास्तरांनी तडकलेली काच विकली, हेच डोक्यात बसलं.

चौथ्या दिवशी भर बाजारात मी त्यांना लबाड म्हणालो. शेजारच्या सूतवाल्याला साक्षीला धरलं आणि अंधार पडल्यावर दोघांनाही माळवदावर आणलं.

मास्तरांनी डोळा लावलाच नाही. "सूत मोजायच्या भिंगातून कापड बघता ना? डाग कापडावर की काचेवर, कसं ठरवता?"

"भिंग फिरवून. डाग फिरला तर काचेचा."

"मग फिरवा की."

मी डोळ्याजवळचं भिंग गोल फिरवलं. रेघ फिरली नाही. पुन्हा फिरवलं. नाही. नळीला हात न लावता नुसता बघत राहिलो, तर चांदण्या हळूहळू कडेला सरकल्या आणि रेघही त्यांच्याबरोबर चालली. ती आभाळात होती.

"काय झालं शेट? तंतू घावला व्हय?" सूतवाल्याने विचारलं. मी बाजूला झालो.

नळी सरकवून मास्तरांनी पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग तिथेच खाली बसले.

"वीस वर्षं हिला शोधत होतो," ते म्हणाले. "ताट डोळ्यांसमोर आडवं धरलं की नुसती कड दिसते, तशी ही. आपल्यासारखीच दुसरी आकाशगंगा. अगणित सूर्य आहेत म्हणतात तिच्यात. हा उजेड तिथून निघाला तेव्हा पृथ्वीवर माणूस नव्हता."

आणि मी तो तीन दिवस धोतराने पुसत होतो.

"मग मास्तरला परत देतायसा न्हवं?" सूतवाला हसला. "माल खराब हाय म्हनून तर आनलासा की मला!"

"परत द्यायची नाही," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"शेठ, अजून एकदा बघू?" मास्तरांनी विचारलं. तुम्हाला काय दिसणार, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. सरकलेली रेघ मधोमध आणली आणि स्टूल त्यांच्याकडे ढकललं.

सकाळी बाजारात, जिथे लबाड म्हणालो होतो तिथेच उभं राहून, माझा शब्द मी परत घेतला. त्यांनी मात्र त्यांचं ते वाक्य कधीच परत घेतलं नाही.