कोच शिपाई होता म्हणून

आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. त्यामुळं फुटबॉल टीमचा कोच ठरवायची बैठकही पेन्शनरांचीच होती. वरच्या आळीतला एक जण पलटणीकडून वर्षानुवर्षं फुटबॉल खेळून नुकताच घरी आला होता. आम्हा खेळाडूंना तोच हवा होता. पण तो शिपाई म्हणूनच रिटायर झालेला, आणि टीममधली निम्मी पोरं सुभेदार-हवालदारांची.

"सुभेदाराच्या पोरानं शिपायाचा हुकूम ऐकायचा व्हय रं?" एका म्हाताऱ्यानं विचारलं आणि विषय मिटला. कोच झाले एक सुभेदार. त्यांनी आमच्याकडून कदमताल तेवढा झकास करून घेतला.

यंदा रहिमतपूरला मॅच होती. समोरच्या टीमचा कोच तोच शिपाई निघाला. आम्ही सपाटून हरलो. मग तो आमच्याकडं चालत आला. वाटलं, आता चार शब्द सुनावणार. सुनावायलाच हवे होते. पण तो सुभेदारांसमोर सावधान उभा राहिला आणि म्हणाला, "राम राम, साब."

जाताना मला त्यानं हळूच विचारलं, "आपल्या ग्राउंडवरचे दगड काढले का रं?"

अजून आपलं म्हणत होता.