घडाच्या टोकाचे मणी

रक्त काढणाऱ्या मुलीला मी तिसऱ्यांदा विचारलं, "बेटा, रिपोर्ट नक्की किती वाजता?"

"काका, पाच म्हटलं ना. हात सैल सोडा."

हात सैल सुटत नव्हता. बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठ महिने आठवड्यातून दोनदा डायलिसिस चालू होतं. किडनी घरातल्याच माणसाची हवी होती. मुलगी तेव्हा अंगावर पाजत होती, तिला आम्ही विचारणारच नव्हतो. माझा रक्तगट जुळला, तेव्हा मी देणार हे मीच जाहीर करून टाकलं. नाशिक रोडला द्राक्षांच्या पेट्या उचलण्यापासून सुरुवात करून मी व्यापारी झालो. मला कुणी नापास केलेलं नव्हतं.

पहिल्याच तपासणीत डॉक्टरांनी केलं. ट्रायग्लिसराइड दोनशे नव्वद, चांगलं कोलेस्टेरॉल कमी, उपाशीपोटी साखर एकशे बारा, रक्तदाब वर, कंबर एकशे चार सेंटिमीटर. ते म्हणाले, या पाचांपैकी तीन बिघडले तरी त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, तुमचे पाचही बिघडलेत. तीन महिने खाणं आवरा, चाला, मग बघू. मी तिथंच घासाघीस करून तीन महिन्यांचा दीड महिना केला. बाहेर आल्यावर मला वाटलं, सौदा आपल्या बाजूने झाला.

त्यातला सव्वा महिना बाजारात गेला. उरलेल्या दिवसांसाठी मी धंद्यातलीच युक्ती काढली. द्राक्षाची तोडणी जवळ आली की काही शेतकरी बागेचं पाणी तोडतात. वेल तहानला की मण्यातली गोडी मोजायच्या यंत्रात वर दिसते. अशा बागा मी नुसत्या पानांवरून ओळखतो आणि शेतकऱ्याला तोंडावर सांगतो. आता मला आकडे खाली आणायचे होते, म्हणून मी माझं अन्न तोडलं. शेवटचे चार दिवस काकडी आणि लिंबूपाणी. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. बायको म्हणाली, "अहो, हे काय चालवलंय?" मी तिच्यावर ओरडलो. तिच्यासाठीच चाललं होतं, तरी ओरडलो.

पाचला रिपोर्ट हातात पडला. साखर चौऱ्याण्णव. ट्रायग्लिसराइड एकशे अडतीस. तिथल्या बाकावर बसून मी आधी पार्ले बिस्किटाचा आख्खा पुडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला.

"जेवत होतात ना?"

"पथ्य पाळलं, साहेब."

"लघवीत किटोन आलेत. युरिक ॲसिड मागच्या वेळेपेक्षा वाढलंय. उपाशी माणसाचं असं होतं." मग त्यांनी खालच्या एका ओळीवर पेन टेकवलं. "आणि ही एचबीएवनसी. साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. मागे सहा पॉइंट तीन होती, आजही सहा पॉइंट तीन आहे. चार दिवस उपाशी राहून ती हलत नाही."

"मग दहा दिवसांनी परत घ्या."

"याला तीन महिने लागतात. तेव्हाही हो म्हणेन असं नाही."

मी टेबलावर हात आपटला. "किडनी माझी, बायको माझी. तुम्ही कोण नाही म्हणणारे?"

ते चिडले नाहीत, याचा मला जास्त राग आला. म्हणाले, "एक काढली तर उरलेलीला याच रक्तात काम करायचंय. उद्या वहिनींच्या शेजारच्या खाटेवर तुम्हाला झोपवायचं का? वहिनींना सख्खा भाऊ आहे ना?"

भाऊ होता. दिंडोरीच्या पुढे त्याची बाग आहे. सात वर्षांपूर्वीपर्यंत तिचा सगळा माल दर साली मीच घ्यायचो. मग एका वर्षी त्याने मला काही न सांगता बाहेरच्या व्यापाऱ्याला बाग दिली. सगळ्या मार्केटने मला विचारलं, काय शेठ, मेहुण्यानेच हाकललं? तेव्हापासून मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. मुलीच्या लग्नात तो जेवून गेला, पण मी त्याच्या पंगतीकडे फिरकलो नाही.

बायको बाहेर बसली होती. माझ्या तोंडावरूनच तिला कळलं. मी म्हणालो, "तूच विचार त्याला."

"मी त्याला सांगितलंय, हे देताहेत. आता कुठल्या तोंडाने मागू? सात वर्षं त्याचा फोन आला की तुम्ही खोलीतून उठून जाता." मग हळू म्हणाली, "राहू द्या. डायलिसिसवरही माणसं जगतात."

त्या आठवड्यात तिचा रक्तदाब मशीनवरच दोनदा कोसळला होता. मी गाडी काढली.

तो बागेतच होता. जानेवारीची थंडी होती, मण्यांत नुकतं पाणी भरत होतं, पिकायला सुरुवात होती. मला बघून त्याने हातातली कात्री खिशात टाकली.

"या दाजी. रस्ता चुकले काय?"

"नाही. तुझ्याकडेच आलो. तुझ्या बहिणीला माझी किडनी चालत नाही."

"का?"

"रक्त नापास झालं."

तो हसला. माझं डोकं फिरलं. "हसतोस काय रे? ती मरायला टेकलीय!"

"तिच्यावर नाय हसत." त्याने एक घड बोटांवर उचलून धरला. "बाग बाहेर दिली त्या साली आधी तुम्ही ती नापास केली, तवा मी असाच उभा होतो तुमच्यापुढं. गोडी मोजायला कुठले मणी घेतले होते, आठवतं का?"

मी पानं बघायला लागलो.

"टोकाचे. घडाच्या वरच्या खांद्याचा एक नाय घेतला. प्रत्येक ओळीत टोकाचेच. मी बघत होतो."

टोकाचे मणी सगळ्यात शेवटी पिकतात. त्यांची गोडी कमी भरते आणि भाव पाडता येतो. यंत्रातला आकडा खरा होता, मी खोटं काही बोललो नव्हतो. सात वर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आलो होतो.

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"अक्का तुमच्या घरात नांदत होती ना."

अडलो की मी दराची गोष्ट काढतो, ती सवयच आहे. म्हणालो, "यंदा बाग मी घेतो. भाव तू सांग, मी एक शब्द—"

"दाजी," तो म्हणाला, "अक्काच्या जिवाचा सौदा करायला आले का?"

मला त्याचा राग आला. खरं सांगायचं तर तो राग आजही पूर्ण गेलेला नाही. एवढी वर्षं मनात धरून बसला आणि माझं मार्केटमध्ये हसं होऊ दिलं. पण त्या दिवशी मी राग गिळला. तो वाकून पुन्हा घडातले बारके मणी काढायला लागला आणि पाठमोराच म्हणाला, "कधी यायचं? सकाळी उपाशीपोटी?"

"हो. पण आदल्या रात्री नेहमीसारखं जेव. काही कमी-जास्त करू नकोस."

"कमी-जास्त काय करायचं? बाजरीची भाकर हाय, तीच खाणार."

आठ दिवसांनी त्याचा रिपोर्ट आला. बिघडलेला आकडा तिथे ठळक छापतात, माझ्या दोन्ही रिपोर्टांत ठळक आकडे होते. त्याच्या पानांवर एकही नव्हता. डॉक्टरांनी शेवटपर्यंत वाचलं आणि पुढच्या तपासण्यांची चिठ्ठी लिहिली. तो त्यांतही पास झाला. ऑपरेशनची तारीख मिळाली.

त्या संध्याकाळी बायकोने मला जवळ बसवलं आणि विचारलं, "खरं सांगा, त्याला काय कबूल केलंत?"

"काही नाही."

तिचा विश्वास बसला नाही.