चौथा पाय

कुणाच्याही घरी गेल्यावर माणसांची विचारपूस करायच्या आधी टेबलाखाली डोकं घालणारा इसम अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू व्हावा, ही आमच्या सासरेबुवांची कृपा. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. दाजी सोनईचे. साखर कारखान्यात फिटर होते; निवृत्त झाले आणि लोखंड सोडून लाकडाच्या मागे लागले. टीपॉय करतात. फक्त टीपॉय. मेव्हणीनं एकदा कपाट मागितलं तर म्हणाले, कपाटाला माणूस कुलूप लावतो, टीपॉयभोवती चार माणसं बसतात. कपाट अजून झालेलं नाही. त्यांच्या पुतणीसाठी आम्ही स्थळ बघायला गेलो, तेव्हा मुलाचे वडील पगार सांगत होते आणि दाजी पोह्यांची बशी सांभाळत टीपॉयखाली वाकले होते. वर येऊन माझ्या कानाशी म्हणाले, "सांध्याला खिळं ठोकल्यात. ही माणसं टिकायची न्हाईत." पुतणीनं तिथंच लग्न केलं आणि तिचा संसार झकास चाललाय. टीपॉय मात्र वर्षभरात मोडला, आणि दाजी चारचौघांत तेवढंच सांगतात.

सासरेबुवांनी कर्जतला दारापुढं लावलेला कडुलिंब रस्ता रुंद करताना पाडला. सासरे त्याआधीच गेले होते, त्यामुळे दोघी बहिणी दुसऱ्यांदा रडल्या. दाजींनी बुंधा टेम्पोत घालून सोनईला नेला, दोन वर्षं शेडमध्ये सुकवला आणि दोघींसाठी एकेक टीपॉय करायला घेतला. आमच्यासाठीचा करण्याआधी ते मुद्दाम नगरला आले. मला सोफ्यावर बसवून माझ्या गुडघ्याचं माप घेतलं, फरशीला गवंड्याची पाणसळ लावली, पेन्सिलीनं चार फुल्या मारल्या आणि बजावलं, "ह्या फुल्यांवरनं हलवायचा न्हाई." मी शाळेत भूमिती शिकवतो. माझ्याच घरात मला कुणी फुल्या मारून जागा दाखवावी, याचा मला जरा रागच आला.

दिवाळीच्या साफसफाईत मी तो खिडकीशी सरकवला. तिथं तो डुगायला लागला आणि फराळाला आलेल्या मुख्याध्यापकांच्या पँटवर चहा सांडला. खोटं कशाला बोलू, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दाजी चुकले होते! मी शेजाऱ्याकडून करवत आणली आणि लांब वाटला तो पाय चांगला बोटभर कापला. टीपॉय जास्तच डुगला. घाबरून परत फुल्यांवर ठेवला, तर तिथंही डुगला. आमची फरशीच तिरकी होती आणि दाजींनी चारी पाय त्या फरशीच्या मापानं कमीजास्त केले होते, हे माझ्या भूमितीच्या डोक्यात तेव्हा शिरलं. बायको चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं कापलेला तुकडा उचलला, त्याचा वास घेतला आणि म्हणाली, "बाबांच्या झाडाची आता दाजींकडंही एक ढलपीसुद्धा उरलेली नाही."

दाजींना फोन मीच केला. बोलणी खायची तयारी ठेवली होती, पण त्यांनी फक्त पाय कुठला ते विचारलं. आठवड्याभरात ते कडुलिंबाचा नवा पाय घेऊन आले, बसवला, चहा प्यायले आणि गेले. मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो. लाकूड कुठून आणलं, हे विचारायचं मला सुचलंही नाही. मास्तर माणूस, प्रश्न विचारायचे ते फक्त पोरांना.

संक्रांतीला सोनईला गेलो, तेव्हा मेव्हणीनं तिळगूळ आणून त्यांच्या कडुलिंबाच्या टीपॉयवर ठेवला. टीपॉयला तीनच पाय होते. मागचे दोन जागेवर, पुढचा उरलेला एक कोपऱ्यातून काढून मधोमध बसवलेला. बायकोनं माझ्याकडं पाहिलं आणि डोळ्यांना पदर लावला. मला वर बघवेना. दाजीच म्हणाले, "चौथा पाय लई भांडखोर असतो, मास्तर. तीन पायांचं कंदी डुगत न्हाई. तुमाला तर ठावं असंल."

ठाऊक होतं ना. इतकी वर्षं तेच तर शिकवतोय, की एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं.

हल्ली दाजींचे हात थरथरतात, रंधा त्यांनी खुंटीला टांगलाय. आमचा टीपॉय फुल्यांवर आहे. केरसुणी त्याच्या भोवतीनं फिरते. वर्गात ते प्रतल आलं की मी फळ्यावर तीन टिंबं काढतो आणि थोडा वेळ तसाच उभा राहतो. पोरांना वाटतं, सर पुढचं विसरले.