ताईचे आकडे

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. पुष्कळदा तोंडापर्यंत आलं आणि मी पाणी पिऊन विषय बदलला. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या ताईला ओळखत नाही. कधी भेटलात तरी — जाऊ द्या, तसं काही होणार नाही. होणार नाही ना?

आधी गेमचं सांगतो. तेवढाच मला वेळ मिळेल. आम्ही दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत वाढलो. संगणकावर फुटबॉलचा गेम खेळायचो, सगळे संघ परदेशी. मला त्यात आमच्या कॉलनीचा संघ घालायचा होता. याला मॉड म्हणतात — मूळ गेममध्ये आपल्या पदरचं घुसवायचं. जर्सी मी केली. पण पाठीवरचे आकडे मराठीच हवेत हा माझा हट्ट, आणि तिथेच घोडं अडलं. गेमला शून्य ते नऊ सगळे आकडे एकाच चित्रात, सारख्या मापाच्या खणांत लागतात. छापील आकडे टाकले की १ ताणला जायचा, ९ दबून जायचा. काही केल्या जमेना.

ताईने ते बघितलं. रांगोळीसाठी मांडतात तसे कागदावर ठिपके मांडले आणि प्रत्येक आकडा त्यात बसवला. केळीच्या ट्रकांवर पेंटर काढतात तसे गुबगुबीत आकडे. १ ला डोकं मोठं दिलं, शेपूट आखूड ठेवली. मी फक्त फोटो काढून कडा कापल्या आणि गेममध्ये टाकले. आमचा गोलकीपर पाठीवर १ घेऊन मैदानात उतरला तेव्हा ताई हसून हसून पलंगावर आडवी झाली.

मी अजून टाळतोच आहे.

ताईला पुण्याला डिझाइन शिकायचं होतं. आबा, म्हणजे आमचे वडील, तिच्यासाठी स्थळं बघत होते. ती भांडली, जेवली नाही. शेवटी आबा म्हणाले, नानांना दाखवू. नाना आबांचे जुने सोबती, पुण्यात त्यांचं याच कामाचं ऑफिस. त्यांनी हात चांगला आहे म्हटलं, तर पाठवायचं. नाहीतर तिने हट्ट सोडायचा. नाना आले, नेमकी त्याच दिवशी तिची कॉलेजात परीक्षा. जाताना दारातून म्हणाली, "माझे आकडे दाखवशील ना रे? नीट दाखव."

दाखवले. नाना खुर्ची ओढून पुढे सरकले. "हे कोणी काढलं?"

मी बारावीत नापास झालो होतो. आबा माझ्यासाठी एका ठेकेदाराकडे शब्द टाकून बसले होते. भीती वाटत होती मला — पण ताईला वाटत नव्हती का? मी म्हणालो, "मी."

"आणि तिचं काय?" आबांनी विचारलं.

"ती रांगोळ्या काढते," मी म्हणालो.

बस. एवढंच. पुण्याला मी गेलो. ताईला सांगितलं, नाना म्हणाले तुझा हात कच्चा आहे, मला संगणक जमतो म्हणून घेतायत. आबा आणि ती तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हते, ते माझ्या पथ्यावर पडलं. माझी बॅग तिनेच भरली. पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन ती चोपड्याला गेली. लग्नाला नाना आले, तर मी जेवणं उरकेपर्यंत त्यांच्या शेजारून हललो नाही. न जाणो, ताईशी काही बोलले तर? लोकांना वाटलं, पोरगा किती मान ठेवतो.

यंदा भाऊबीजेला चोपड्याला गेलो. ओवाळून झालं, आणि ताईचा दीर लॅपटॉप घेऊन आला. कुठून तरी त्याला तो मॉड सापडला होता, खाली माझं नाव. तिची सासू वाकून बघायला लागली, "बठ्ठं मराठीमा शे का रे?" दीर म्हणाला, "हो, सगळं मराठीत! आणि आकडे काय भारी काढलेत हो तुम्ही!" पदराला हात पुसत ताई पडद्यापाशी आली. काय बोलेल ही?

"ते मी काढलेत," ती सहज म्हणाली. "आणि भारी कसले? कच्चे आहेत. जाणत्या माणसाने बघून सांगितलंय. याला विचारा हवं तर."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तीही बघत होती, अगदी निवांत. इतक्या वर्षांत खरं सांगायला असं दार कुणी उघडून दिलं नव्हतं.

"हो," मी म्हणालो, "जरा कच्चेच आहेत."

ती हसली आणि पुऱ्या तळायला आत गेली.