बंद करण्याआधीची हाक

"आज हाक आली न्हाई गा. आक्का रजेवर हायत काय?"

"आक्का आणि रजा? उगंच कायतर बोलू नगंस. बस गप, येईल हाक."

मागच्या खोलीत, काउंटरवरून दिसणाऱ्या वर्तमानपत्रांच्या टेबलाशी दोन म्हातारे वाचक घडी घातलेले पेपर पुढ्यात ठेवून बसले होते. वाचनालय बंद व्हायची वेळ टळून गेली होती, तरी ते उठत नव्हते. उठायचं ते रत्नाआक्कांनी हाक मारल्यावर, ही त्यांची सवय. मी काउंटरमागे मोबाईल घेऊन उभी होते. कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर थोड्याच वेळापूर्वी निरोप आला होता... काल, सोमवारच्या सुट्टीत, छातीत दुखतं म्हणून दवाखान्यात नेलेल्या आक्का आज दुपारी गेल्या. निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. त्या दोघांना हे सांगायला हवं होतं. माझ्याच्यानं ते झालं नाही. मी भिंतीवरचं बटण दाबून दिवे दोनदा बंद-चालू केले. दोघांनी वळून माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि आक्का गेल्याचं त्यांना कळलं.

त्याला आता काही आठवडे झाले. आक्का सीमाभागातल्या आमच्या वाचनालयाच्या शाखांच्या पर्यवेक्षक होत्या. कोणत्या शाखेत कोणती पुस्तकं ठेवायची, कुठली कधी हलवायची, शाखा कुणी उघडायची आणि कशी बंद करायची, हे सगळं त्या बघायच्या. राहायला कंग्राळीला, शेतकरी घरात. दिवसभर कधी निपाणीला, कधी लोंढ्याला, आणि बहुतेक संध्याकाळी अनगोळच्या आमच्या शाखेत. मी इथं नोकरीला लागले त्या दिवशी त्यांनी मला नाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा सांगितलं. "इंग्लिश मीडियमची न्हवं का तू?" त्या म्हणाल्या, "मग तुझा आवाज म्हंजे त्या नाइफमधला के. लिवायचा, पर म्हणायचा न्हाई." सगळे हसले. मीसुद्धा, आवाज न करता.

मला मराठी, कन्नड आणि इंग्रजी, तिन्ही भाषा येतात, आणि तिन्हींत बोलायची भीती वाटते. शाळेत मराठी बोललं की बाकावर उभं करायचे, घरी इंग्रजी बोललं की चुलतभाऊ नकला करायचे, आणि बाजारात माझं कन्नड ऐकून दुकानदार प्रेमानं हिंदीत बोलू लागतो. त्यामुळे पुस्तकांच्या खोलीतली नोकरी मला फार सुरक्षित वाटली होती. लेबलं चिकटवायची, कपाटं लावायची, शिक्का मारायचा. बोलायचं काम नाही, असं मला वाटलं होतं.

आक्कांचा एक नियम होता. एखादं पुस्तक कुणी नेत नाही म्हणून ते रद्दीत काढायचं नाही, आधी दुसऱ्या शाखेला पाठवून बघायचं. पत्र्याची ट्रंक भरून आम्ही दोघी बसनं निघायचो. अनगोळला ज्या जाडजूड कादंबऱ्यांना कुणी हात लावत नव्हतं, त्या लोंढ्याला गाडीची वाट बघणारे लोक घेऊन जायचे. लोंढ्याला पडून राहिलेली मोठ्या अक्षरांची पुस्तकं निपाणीच्या विड्या वळणाऱ्या बायकांना हवी असायची, बाकीच्यांचे हात चालू असताना एकीनं मोठ्यानं वाचायला. "एका गावात बसून बसून पुस्तकाचं तोंड पडतंय बघ," आक्का म्हणायच्या. "गाव बदललं की त्येला मान मिळतोय. तुलाबी एकदा ट्रंकेत घालून न्यायला पायजे."

पण त्यांच्या सगळ्या पद्धतींत मला सगळ्यात अवघड वाटायची ती शाखा बंद करायची. खिडक्या लावायच्या, पंखे बंद करायचे, मग मागच्या खोलीच्या दारात उभं राहून हाक मारायची. डावा हात दाराच्या चौकटीवर ठेवून आक्का खणखणीत आवाजात, आधी कन्नडमधून मग मराठीतून, म्हणायच्या, "ओळग यारर अदीरेन्री? आत कोण हाय काय? मी रत्ना. दार उघडं हाय." आणि मग थांबायच्या. नुसतं ओरडून निघायचं नाही, थांबायचं, कारण उत्तर यायला वेळ लागतो, असं त्या प्रत्येक शाखेतल्या माणसाला बजावून सांगायच्या. कुठं मराठी आधी, कुठं कन्नड आधी, ते ज्याच्या त्याच्या जिभेवर सोडलेलं. नाव मात्र घ्यायचंच. स्वतःचं नाव कशाला घ्यायचं, ते मला कळत नव्हतं. विचारायचं धाडसही नव्हतं.

मग तो दिवस आला. गावातलं वातावरण तापलेलं होतं, पाट्या मराठीत की कन्नडमध्ये यावरून काहीतरी झालं होतं, रस्त्यावरची शटरं अर्धी खाली आली होती. आक्कांनी नेहमीसारखी हाक मारली, आणि दारातून दोन तरुण आत आले. एकानं विचारलं, "दोन भाषा कशाला लागतात? एक बास की." कुठली एक, ते मी लिहीत नाही, कारण पुढं वर्षभरात दुसऱ्या बाजूचे लोकही येऊन हेच विचारून गेले. मी काउंटरखाली वाकून आधीच लावलेली पुस्तकं पुन्हा लावत राहिले. आक्का म्हणाल्या, "व्हय रं बाळा, पर आत एकादा माणूस झोपला आसंल, तर त्यो कुठल्या भाषेत झोपलाय ते मला कसं कळायचं?" त्यातला एक फसकन हसला. दुसरा हसला नाही, दारातल्या वाचकांच्या चपला लाथाडत निघून गेला. जाताना त्यानं माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं... पण ते बघणं मी घरी घेऊन गेले.

तेव्हापासून आक्का दौऱ्यावर असल्या की मी दिवे दोनदा बंद-चालू करून शाखा बंद करू लागले. दिव्याला भाषा नसते. त्यावरून कुणी भांडायला येत नाही. आक्कांना हे कळल्यावर त्या रागावल्या नाहीत. "बत्त्या लुकलुक करून कोंबड्या बोलावतीस व्हय?" एवढंच म्हणाल्या. नंतर निपाणीहून परतताना, बसमध्ये रिकामी ट्रंक पायाशी घेऊन, त्यांनी मला लोंढ्याची गोष्ट सांगितली.

"नोकरी नवी हुती माझी. डोळ्यानं बघितलं, कोण न्हाई, घातलं कुलूप. डबा इसरला म्हणून परत आलते. दार उघडते तर दोन कपाटांच्या मधी एक बाई भुईवर बसलेली. घरला जायचं न्हवतं तिला, म्हणून अंग चोरून बसलेली. आणि कुलूप लागल्यावर तिचं पाणी पाणी झालतं."

"मग ओरडली का नाही?"

"मीबी तेच इचारलं. तर म्हणाली, कुणाला हाक मारू बाई? तुमचं नाव ठावं न्हाई."

बस घाट उतरत होती. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. "तवापास्नं हाकेत नाव घालते. भ्यालेल्या माणसाला अंधारात धरायला कायतरी लागतंय गं."

मी तेव्हा मान हलवली. मला वाटलं, हे आक्कांसारख्यांचं काम. आपण भ्यालेल्यांपैकी, आपण हाक मारणाऱ्यांपैकी नव्हे.

शेवटच्या संध्याकाळी त्यांचा आवाज बसला होता. "छातीत जरा भरल्यागत होतंय," म्हणत त्या मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या आणि हाक मारली, पण ती मधेच तुटली. आतून वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसणाऱ्या तात्यांचा आवाज आला, "निघतोय आक्का, पर तू आधी दवाखान्यात जा!" त्या हसल्या, खोकल्या, आणि चावी माझ्या हातात देऊन बसस्टॉपकडे चालू लागल्या. साडीचा पदर कमरेला खोचलेला, खांद्यावर कापडी पिशवी. वळून बघितलं नाही. त्या कधीच वळून बघत नसत.

आता शाखांवर नवे साहेब आले आहेत. चांगले आहेत, कामं भराभर होतात. बंद करायची पद्धत त्यांनी सोपी केली. कुलूप लावायचं, त्याचा फोटो ग्रुपवर टाकायचा, झालं. पहिल्यांदा हा निरोप वाचला तेव्हा मला खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. काही दिवस मी दिवे लुकलुकवले, फोटो टाकला, आणि घरी गेले. फोटोत कुलूप छान दिसायचं.

परवा बंद करायच्या वेळेला वीज गेली. सगळे वाचक मोबाईलच्या उजेडात बाहेर पडले. मी खिडक्या लावल्या, कुलूप हातात घेऊन दाराशी आले, आणि पायरीवर एक चपलांचा जोड दिसला. पुरुषाच्या, मोठ्या, टाचेला झिजलेल्या. कुणी विसरून गेलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. चपला विसरून कोण जातं? तेवढ्यात मागच्या खोलीत खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला. मग काही नाही.

मी बटण दाबलं. वीज नव्हती, तरी दाबलं. पुन्हा दाबलं. मोबाईलचा उजेड पहिल्या कपाटापर्यंत जाऊन तिथंच संपत होता. कुलूप लावून फोटो टाकला असता, तर कुणी मला विचारणार नव्हतं. आत एखादे तात्या पेपरवर मान टाकून झोपले असतील. किंवा तो, जो हसला नव्हता. मी एकटी आहे, हे मी बोलले की त्याला कळणार. मुलीनं अनोळखी माणसाला आपलं नाव सांगू नये, हे मला घरी, शाळेत, सगळीकडे शिकवलेलं आहे, आणि ते शहाणपणाचंच आहे. पण कुलूप लागल्यावर आत बसून राहणाऱ्या माणसाचं काय होत असेल, ते मला लोंढ्याच्या त्या बाईपेक्षा कमी माहीत नव्हतं. कुणाला हाक मारावी, हे न कळून गप्प बसणं... मी तेच तर करत आले होते.

मागच्या खोलीच्या दाराशी गेले. आधारासाठी हात चौकटीवर टेकला. तिथं एका जागी रंग गेलेला आहे, लाकूड हाताला गुळगुळीत लागतं. आक्कांचा हात जिथं असायचा तिथंच माझा पडला होता. तोंड उघडलं, तर पहिल्यांदा नुसती हवा आली.

"ओळग यारर अदीरेन्री?" माझा आवाज मला परका वाटला. "आत कोण आहे का?"

मी थांबले. उत्तर यायला वेळ लागतो. आत कुणीतरी श्वास धरून ठेवला होता, किंवा तो माझाच होता.

"मी मानसी," मी म्हणाले, जरा मोठ्यानं. "दार उघडं आहे."